एकात्मिक रचनेतून इनोव्हेशनचे गुण कसे मिळवायचे: पहिल्यांदाच लीड प्रमाणन घेणाऱ्यांसाठी

लीड ही हरित इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र देणारी पद्धत. लीड प्रमाणनाचा पहिला प्रकल्प हाती घेतलेल्या टीमच्या गुणतक्त्यात एक ओळ हमखास सापडते: ‘इनोव्हेशन – एकात्मिक रचना – १ गुण’. खाली पुरावा म्हणून चार बैठकांची इतिवृत्तं आणि एक ग्रुप फोटो जोडलेला असतो. हा गुण मिळत नाही. टीमने काम कमी केलेलं नसतं, अर्ज चुकीच्या खिडकीवर दिलेला असतो.

इनोव्हेशनच्या क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अट पाळली की गुण देणारी बाब) मुख्य अट अशी आहे की तुम्ही केलेली गोष्ट लीडच्या नियमावलीत आधीपासून नसावी आणि तिचा पर्यावरणावरचा परिणाम ठळक आणि मोजता येण्यासारखा असावा. २००९ च्या आवृत्तीत सर्वसाधारण नव्या इमारतींसाठी एकात्मिक प्रक्रियेचं, म्हणजे सगळ्या शाखांनी सुरुवातीपासून एकत्र बसून डिझाइन करण्याचं, वेगळं क्रेडिट नव्हतं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या आवृत्ती ४ मध्ये ते आलं, एका गुणाचं, आणि तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीत. तेव्हापासून ‘आम्ही सगळे एकत्र बसून डिझाइन केलं’ हा दावा इनोव्हेशनमध्ये करता येत नाही, त्याची जागा ठरलेली आहे. त्यातून पुढे जे उगवतं, म्हणजे चार शाखांनी एकत्र बसल्याशिवाय जमलंच नसतं असं काहीतरी, त्यावर मात्र इनोव्हेशनचे गुण मागता येतात.

म्हणून कामाचे दोन भाग पाडा. आधी एकात्मिक प्रक्रियेचा हक्काचा एक गुण पक्का करा. मग त्याच कागदांतून इनोव्हेशनचे विषय काढा. इनोव्हेशनमध्ये जास्तीत जास्त पाच गुण, आणि टीममध्ये योग्य पात्रतेचा लीड एपी, म्हणजे लीडची परीक्षा उत्तीर्ण झालेला तज्ज्ञ, असल्याचा एक वेगळा गुण, असे सहा. एकूण ११० पैकी ४० ला सर्टिफाइड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम, हे लक्षात घेतलं तर पायरीच्या काठावर अडकलेल्या प्रकल्पाला हे सहा-सात गुण किती उपयोगी पडतात ते कळेल.

सुरुवातीआधी: कोणत्या आवृत्तीत नोंदणी आहे?

आवृत्ती ४ मध्ये इनोव्हेशनचे पाचही गुण हवे असतील तर किमान एक इनोव्हेशन, किमान एक पायलट (अजून प्रयोगाच्या पातळीवर असलेलं) क्रेडिट, आणि ‘एक्झेम्प्लरी परफॉर्मन्स’ची, म्हणजे एखाद्या क्रेडिटमध्ये मर्यादेच्या पलीकडे जाऊन मिळवलेली, जास्तीत जास्त दोनच असं मिश्रण लागतं. ४.१ मध्ये हे बंधन सैल झालं, कोणतीही जुळणी चालते. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती ५ मध्ये मांडणीच बदलली आहे: हवामान-सज्जता, माणसांवर होणारा परिणाम आणि कार्बन अशी तीन मूल्यमापनं नव्या बांधकामाला सक्तीची झाली, आणि इनोव्हेशनचे विषय ‘प्रोजेक्ट प्रायॉरिटीज’ या नावाखाली गेले. खाली सांगितलेलं काम तिन्ही ठिकाणी उपयोगी आहे, पण अटींचे शब्द मात्र आपापल्या आवृत्तीचेच वाचायचे. इथली उदाहरणं आवृत्ती ४ आणि ४.१ धरून दिली आहेत.

पायरी १: तारीख आणि माणसं

सगळ्यात आधी एक तारीख कागदावर लिहा: स्कीमॅटिक डिझाइन, म्हणजे आराखड्याचा पहिला ढोबळ टप्पा, कधी संपणार. ऊर्जेचं प्राथमिक मॉडेल आणि पाण्याचा प्राथमिक ताळेबंद दोन्ही या तारखेच्या आधी झालेले असावे लागतात. क्रेडिट हातचं जाण्याचं एक नेहमीचं कारण इथेच असतं. मॉडेल छान असतं, पण फाइलवरची तारीख टेंडर ड्रॉइंगच्या नंतरची असते. मॉडेल उशिरा केलं तर ते आधीच घेतलेल्या निर्णयांचं समर्थन करतं, निर्णय बदलत नाही. परीक्षकाला हा फरक कळतो.

पहिली बैठक किमान अर्ध्या दिवसाची ठेवा. मालक किंवा निर्णय घेऊ शकणारा त्याचा प्रतिनिधी, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एचव्हीएसी (वातानुकूलन आणि वायुवीजन), इलेक्ट्रिकल आणि लायटिंग, प्लंबिंग, लँडस्केप, खर्चाचा अंदाज काढणारा, ऊर्जा-मॉडेल करणारा. यात एक माणूस जवळपास दरवेळी राहून जातो: इमारत उद्या चालवणारा. देखभाल विभागाचा माणूस टेबलाशी असेल तर ‘हा फिल्टर बदलायला शिडी कुठे लावायची?’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. हा प्रश्न पुढे एका पायलट क्रेडिटचा विषय होऊ शकतो, त्याबद्दल खाली येईलच.

इतिवृत्त लिहिताना ‘चर्चा झाली’, ‘सहमती झाली’ अशी वाक्यं टाळा. प्रत्येक मुद्द्याला चार रकाने पुरतात: प्रश्न काय, उत्तर कोण काढणार, कोणत्या आकड्यात, कधीपर्यंत. दुसऱ्या बैठकीत त्याच तक्त्याला पाचवा रकाना जोडायचा: काय ठरलं. पुढची सगळी कागदपत्रं याच पाच रकान्यांतून तयार होतात.

पायरी २: बॉक्स मॉडेल

ऊर्जेचं प्राथमिक मॉडेल ते हेच. नावाप्रमाणेच ही खोक्यांची इमारत असते. खऱ्या खोल्या, खरे जिने, खऱ्या खिडक्या काढायच्या नाहीत. मजल्यांची संख्या, क्षेत्रफळ, दिशा, काचेचं प्रमाण आणि वापराचं वेळापत्रक एवढं पुरतं. ॲशरे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या २०९ या २०१८ च्या मानकात मॉडेलिंगच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत आणि त्यात पहिली हीच आहे. सराव असलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांचं काम. याहून जास्त वेळ लागत असेल तर मॉडेल गरजेपेक्षा बारीक होत चाललंय असं समजा.

आवृत्ती ४ सात बाबी मागते आणि प्रत्येक बाबीत किमान दोन पर्याय तपासायला सांगते:

१. जागेची स्थिती: सावली, बाहेरची प्रकाशयोजना, फरसबंदी, झाडं, शेजारच्या इमारती.
२. आकार आणि दिशा.
३. बाह्यकवच: भिंत आणि छताचं इन्सुलेशन, काचेचं प्रमाण, काचेचे गुणधर्म, सावलीची पट्टी.
४. उजेडाची पातळी.
५. आरामदायक तापमानाचा पट्टा.
६. प्लगवरची आणि प्रक्रियेची उपकरणं.
७. वापर आणि चालवण्याच्या पद्धती: वेळापत्रक, किती माणसांना किती जागा, कोणती जागा सामायिक.

पहिल्या तीन बाबी सगळे भरतात, कारण त्या आर्किटेक्टच्या सवयीच्या आहेत. सहावी आणि सातवी रिकामी राहते किंवा ‘मालकाकडून माहिती आली नाही’ असं लिहिलेलं असतं. त्या दोन बाबींचे आकडे मालकाकडूनच यायचे असतात, म्हणून पहिल्या बैठकीत मालकाला गृहपाठ द्या: टेबलावर कोणती यंत्रं असतील, सर्व्हर जागेवर की बाहेर, शनिवारी कोणता मजला चालू राहील. उत्तर नसेल तर अंदाज धरा आणि तो अंदाज कोणाचा ते लिहा.

पर्याय आधी एकेक करून चालवा, मग एकत्र. एकत्र चालवण्यातच खरी गोष्ट आहे. समजा आठ मजली ऑफिसची इमारत आहे, प्रत्येक मजला २५ बाय ५० मीटर, एकूण १०,००० चौरस मीटर. ॲशरे ९०.१ च्या २०१० च्या आवृत्तीत संपूर्ण ऑफिस इमारतीसाठी दिव्यांची मर्यादा साधारण ९.७ वॅट प्रति चौरस मीटर येते. छतावरचा सरसकट उजेड ५०० लक्सवरून ३०० वर आणला आणि टेबलावर दिवा दिला, तर ६ वॅटला काम भागू शकतं. फरक ३.७ वॅट, म्हणजे इमारतभर ३७ किलोवॅट. ही वीज तर वाचलीच, पण तेवढीच उष्णता खोलीत यायची थांबली. ३७ ला ३.५१७ ने भागा (एक टन कूलिंग म्हणजे ३.५१७ किलोवॅट उष्णता काढणं): सगळे दिवे चालू असताना सुमारे १०.५ टनांचं कूलिंग. इथपर्यंतचा हिशेब लायटिंग आणि एचव्हीएसीचा आहे. आता काचेचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ३५ वर आणलं की दोन्ही मिळून हवेचं प्रमाण कमी होतं, डक्ट बसका होतो आणि फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आटोक्यात येते. प्रत्येक मजल्याला १०० मिलीमीटर वाचले तर आठ मजल्यांत ८०० मिलीमीटर. इमारतीचा घेर १५० मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर दर्शनी भिंत बांधावीच लागत नाही. हा आकडा लायटिंगवाल्याच्या अहवालात कधी येत नाही, एचव्हीएसीवाल्याच्याही नाही. खर्चाचा अंदाज काढणारा त्याच खोलीत बसलेला असेल तरच तो निघतो, आणि महागड्या काचेचा खर्च मालकाच्या गळी उतरतो तो अशाच आकड्यामुळे.

पायरी ३: पाण्याचा ताळेबंद

एका बाजूला मागणी, दुसऱ्या बाजूला स्रोत. मागणी तीन भागांत: इमारतीच्या आत, बाहेर म्हणजे बागेला, आणि प्रक्रियेला म्हणजे कूलिंग टॉवर, स्वयंपाकघर, धुलाई वगैरे. स्रोतांत नगरपालिकेचं पाणी, पाऊस, सांडपाणी, एसीचं टपकणारं पाणी.

आतल्या मागणीचं गणित सोपं आहे. त्याच इमारतीत ५०० माणसं, निम्म्या बायका धरू. लीडच्या आधाररेषेत कमोडला एका फ्लशला ६ लिटर आणि युरिनलला ३.८ लिटर धरतात. बायका दिवसाला तीनदा कमोड, पुरुष एकदा कमोड आणि दोनदा युरिनल. म्हणजे ४,५०० + १,५०० + १,९०० = ७,९०० लिटर. ४ लिटरचा कमोड आणि १ लिटरचा युरिनल घेतला की ३,००० + १,००० + ५०० = ४,५०० लिटर. बचत ४३ टक्के. हे सगळेच करतात.

फारसं कुणी करत नाही ते कूलिंग टॉवरचं गणित. पाण्यावर चालणाऱ्या प्रणालीत एक टन कूलिंग एक तास चाललं की टॉवरमधून साडेसहा ते सात लिटर पाण्याची वाफ होते. १५० टन दहा तास चाललं तर दिवसाला साधारण १०,००० लिटर, फ्लशच्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त. वाफेमागे क्षार साठतात म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं. सोडायचं पाणी म्हणजे वाफ भागिले ‘सायकल वजा एक’ (सायकल म्हणजे टॉवरमधले क्षार मूळ पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे ते). तीन सायकलला ५,००० लिटर सोडावे लागतात, सहा सायकलला २,०००. आता पायरी २ मधल्या काचेनं आणि दिव्यांनी कूलिंग पाचव्या हिश्शानं कमी केलं असं समजा: वाफ ८,०००, सहा सायकलला सोडायचं पाणी १,६००, एकूण ९,६००. आधी, तीन सायकलला, १५,००० होते. कमी केलेल्या काचेनंही पाणी वाचवलं, हे आर्किटेक्ट आणि प्लंबिंगवाला यांनी एकाच तक्त्यात पाहायला हवं. (हा तक्ता थेट इनोव्हेशनला पाठवायचा मोह आवरा. कूलिंग टॉवरच्या पाण्याला आवृत्ती ४ मध्ये स्वतःचं क्रेडिट आहे.)

या भागात एक अट डोळ्यांखालून निसटते. जागेवरच मिळणारा, पिण्यासाठी नसलेला किमान एक स्रोत वापरात आणायचा आणि त्यानं मागणीच्या किमान दोन घटकांना पाणी पुरवायचं. पावसाचं पाणी फक्त बागेला दिलं तर एकच घटक होतो. ते फ्लशलाही दिलं, किंवा एसीचं पाणी टॉवर आणि फ्लश दोन्हींना दिलं, तर दोन होतात. ही दुसरी पाइपलाइन स्लॅब पडल्यावर आठवली तर भिंती फोडाव्या लागतात. शाफ्टमध्ये आणखी एका पाइपची जागा आजच मागून ठेवा.

पायरी ४: ओपीआर आणि बीओडी

ओपीआर म्हणजे मालकाला इमारतीकडून काय हवं आहे त्याची लेखी नोंद. बीओडी म्हणजे ते कसं साधणार याचं डिझाइन टीमचं उत्तर. क्रेडिटला नुसतं विश्लेषण पुरत नाही. त्या विश्लेषणानं या दोन कागदांत काय बदललं ते दाखवावं लागतं. परीक्षकाला पटणारी नोंद अशी दिसते:

‘उजेड. पहिला मसुदा: सर्वत्र ५०० लक्स. बॉक्स मॉडेलनंतर: छतावरून ३०० लक्स, प्रत्येक टेबलाला स्वतंत्र दिवा. कारण: ३७ किलोवॅट कमी, सुमारे १०.५ टन कूलिंग कमी. ओपीआरच्या उजेडाच्या कलमात बदल. बीओडीत लायटिंग आणि एचव्हीएसी दोन्ही भागांत नोंद. तपासून नाकारलेला पर्याय: दक्षिणेकडे काच २५ टक्के, आतल्या बाजूला दिवसाचा उजेड अपुरा पडतो म्हणून.’

नाकारलेला पर्याय लिहायला लोक कचरतात. उलट तो लिहाच. सगळेच पर्याय स्वीकारलेले दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, निर्णय आधी झाला आणि विश्लेषण मागाहून चिकटवलं.

या क्रेडिटसाठीची वर्कशीट तयार मिळते. ती भरताना दुसऱ्या प्रकल्पाची उचलू नका. इमारतीचं नाव बदललं तरी आतला हवामान विभाग किंवा मजल्यांची संख्या जुनीच राहते, आणि ती नेमकी सापडते. रुग्णालयाच्या प्रकल्पात एकात्मिक नियोजनाची स्वतंत्र सक्तीची अट आहे, ती वेगळी वाचा.

पायरी ५: या कामातून इनोव्हेशन वेचणं

आता पाच रकान्यांचा तक्ता समोर घ्या आणि प्रत्येक निर्णयापुढे विचारा: हे लीडच्या कुठल्या क्रेडिटमध्ये बसतं का? बसत असेल तर ते तिथलेच गुण. उरलेल्या मूठभर ओळी तुमचा कच्चा माल. त्यांना चार वाटा आहेत, आणि नवख्या टीमनं त्या याच क्रमानं धुंडाळाव्यात.

*मळलेली वाट.* काही विषय इनोव्हेशन म्हणून वर्षानुवर्षं मान्य होत आले आहेत आणि त्यांच्या अटी छापील मिळतात. हरित इमारतीचं शिक्षण हा त्यातला एक: इमारतभर माहितीफलक, तपशीलवार अभ्यासलेख किंवा पुस्तिका, आणि मार्गदर्शित फेरी किंवा प्रसाराचा कार्यक्रम, या तिन्हींतले किमान दोन. दुसरा म्हणजे चालू इमारतींच्या नियमावलीतून घेतलेली दोन धोरणं: हरित स्वच्छता आणि एकात्मिक कीडनियंत्रण. यात हुशारी फारशी नाही, पण गुण पक्के असतात. फसतं ते धोरणाच्या कागदावर. जबाबदार कोण, कामगिरी कशी मोजणार, किती दिवसांसाठी लागू, हे नसलेलं दोन परिच्छेदांचं सदिच्छापत्र परत येतं. दर्शनी भागात लावलेला एकच फलक म्हणजे ‘इमारतभर’ नव्हे, हेही लक्षात ठेवा.

*मर्यादेच्या पलीकडे.* काही क्रेडिटमध्ये ठरलेली पुढची पायरी गाठली की जादा गुण मिळतो. उदाहरणार्थ, इमारतीच्या आतल्या पाण्याच्या वापरात ५० टक्के कपातीला सगळे गुण आणि ५५ टक्क्यांना जादा. आवृत्ती ४ मध्ये बांधकामाच्या कचऱ्याच्या दोन्ही पर्यायांच्या अटी एकाच वेळी पाळल्या तरी जादा गुण आहे. त्यातला दुसरा पर्याय म्हणजे एकूण कचरा चौरस मीटरला १२.२ किलोच्या आत. सगळ्याच क्रेडिटना ही सोय नाही. एकात्मिक प्रक्रियेच्या क्रेडिटला आवृत्ती ४ मध्ये ती नाही, म्हणून सातऐवजी चौदा बाबी तपासून दुप्पट गुण मिळत नाहीत.

*पायलट.* हे प्रयोगशील क्रेडिटचं ग्रंथालय आहे आणि एकात्मिक टीमचं खरं सोनं इथे आहे. ‘प्रिव्हेन्शन थ्रू डिझाइन’ मध्ये बांधणाऱ्या आणि पुढे देखभाल करणाऱ्या माणसाची सुरक्षितता डिझाइनमध्येच आणायची असते. छतावरच्या कठड्याची उंची, यंत्राभोवतीची मोकळी जागा, काच पुसायला दोर कुठे बांधणार, असे प्रश्न. पहिल्या बैठकीतला शिडीचा प्रश्न आठवा.

पक्ष्यांची काचेवर धडक रोखण्याचं पायलट क्रेडिट तर एकट्या आर्किटेक्टला पेलणारंच नाही. काचेच्या प्रत्येक प्रकाराला धोक्याचा गुणांक असतो, त्यावरून इमारतीचा एकूण धोका काढायचा आणि तो १५ च्या आत ठेवायचा. खालच्या मजल्यांच्या काचेला जास्त वजन आहे, कारण झाडं तिथे असतात. रात्रीचे आतले-बाहेरचे दिवे आटोक्यात ठेवायचे आणि बांधकामानंतर तीन वर्षं निरीक्षणाची योजना द्यायची. म्हणजे फसाड (दर्शनी भाग), लँडस्केप, लायटिंग आणि देखभाल अशी चार टेबलं. एक बारकावा: काचेवरची नक्षी सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर पक्ष्याला नीट दिसते. डबल ग्लेझिंगच्या आतल्या पृष्ठभागावर घेतली तर बाहेरच्या काचेतलं आकाशाचं प्रतिबिंब तिला झाकून टाकू शकतं. ठिपक्यांमधलं अंतर साधारण ५ सेंटीमीटरच्या आत ठेवतात. हीच नक्षी थोडी उष्णताही अडवते, तेव्हा ऊर्जा-मॉडेलमध्ये काचेचा बदललेला गुणधर्म भरायला विसरू नका.

पायलटची नोंदणी वेळेत करा, नोंदणीच्या दिवसाच्या अटींची प्रत जपून ठेवा, आणि शेवटचं अभिप्रायाचं सर्वेक्षण भरा. सर्वेक्षण राहिलं म्हणून अडकलेला गुण पाहून हळहळ वाटते.

*स्वतःची वाट.* ही सर्वांत अवघड. तिच्यासाठी वेगळी पायरी.

पायरी ६: स्वतःचा प्रस्ताव लिहिणं

प्रस्तावाला चार भाग असतात: हेतू, पूर्ततेची अट, पुरावे, आणि वापरलेली पद्धत. लीडच्या इतर क्रेडिटसारखीच भाषा ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या प्रकल्पाला तीच अट लावता आली पाहिजे. एका विशिष्ट उत्पादनाची तारीफ, किंवा इमारतीच्या एका कोपऱ्यातला प्रयोग, हे दोन्ही प्रकार बाद होतात.

एक नमुना घेऊ: इमारतीच्या यंत्रांचा शेजाऱ्यांना होणारा रात्रीचा आवाज. आधी आपल्या इमारतीच्या प्रकाराचं ध्वनिविषयक क्रेडिट शब्दशः वाचा. रुग्णालयांच्या क्रेडिटमध्ये बाहेरच्या आवाजाचा उल्लेख येतो, तिथे हा विषय चालणार नाही. तिथे नसेल तर पुढे.

हेतू: यंत्रांच्या आवाजानं शेजारच्या लोकांची झोपमोड कमी करणं.

अट: रात्री आवाराच्या हद्दीवर यंत्रांचा आवाज नेहमीच्या डिझाइनच्या तुलनेत किमान ८ डेसिबलने कमी.

पुरावे: नेहमीच्या आणि प्रस्तावित डिझाइनचं गणित, यंत्र उत्पादकाचे आवाजाचे आकडे, जागेचा नकाशा, आणि इमारत सुरू झाल्यावरची मोजणी.

पद्धत: कूलिंग टॉवर हद्दीपासून २० मीटरऐवजी ४० मीटरवर (आर्किटेक्ट). मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. टॉवर एक माप मोठा घेऊन रात्री पंखा ८० टक्के वेगाने (एचव्हीएसी). पंख्याचा आवाज वेगाच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमच्या पन्नास पट बदलतो, म्हणजे सुमारे ५ डेसिबल कमी, आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ निम्मी. मोठ्या टॉवरचं वजन पेलणारी चौकट आणि कंपन अडवणारे आधार (स्ट्रक्चर).

गणितात ११ डेसिबल येतात, मग दावा ८ चाच का? पंखा मंदावला की पाण्याच्या पडण्याचा आवाज वर येतो, तो पंख्याच्या सूत्रात नसतो. समोर भिंत असेल तर परावर्तनामुळे अंतराचे पूर्ण ६ मिळत नाहीत. मोजताना टॉवर बंद ठेवून आधी परिसराचा आवाज घ्या. चालू आणि बंद यात ३ डेसिबलपेक्षा कमी फरक असेल तर ती मोजणी कामाची नाही, आणखी शांत वेळ गाठा.

विजेची बचत या प्रस्तावात मिरवू नका. ती ऊर्जेच्या क्रेडिटमध्ये मोजली जाते, आणि इथे मुख्य मुद्दा म्हणून लिहिली तर ‘हे तर आधीच्या क्रेडिटमध्ये आहे’ असं उत्तर येईल. एका ओळीत उल्लेख पुरे.

प्रस्ताव एकदा दुसऱ्या प्रकल्पात मान्य झाला होता, एवढ्यावर विसंबू नका. त्या मान्यतेनं तुमच्या प्रकल्पाला आपोआप काही मिळत नाही. शंका असेल तर खुलासा आधीच विचारता येतो. त्याचं शुल्क पडतं, पण टॉवर हलवण्यापेक्षा ते स्वस्त.

पायरी ७: सादर करणं आणि परत आलेले शेरे

लीड ऑनलाइन या अर्जाच्या संकेतस्थळावर डिझाइनची आणि बांधकामाची कागदपत्रं दोन टप्प्यांत किंवा एकत्र देता येतात. एकात्मिक प्रक्रिया डिझाइनच्या टप्प्यात द्या. प्राथमिक परीक्षणात शेरा आला तर अंतिम परीक्षणाआधी सुधारायला संधी राहते. शिक्षण आणि मोजणीवर टिकणारे विषय बांधकामाच्या टप्प्यात. पाचच जागा असल्या तरी सहावा आणि सातवा विषय तयार ठेवा. एखादा नाकारला गेला की त्या जागी दुसरा देता येतो, पण तेव्हा पुरावे नव्याने गोळा करायला वेळ नसतो.

परत येणारे शेरे ठरावीक असतात. ‘आधाररेषा स्पष्ट नाही’ आलं तर तुलनेचा आकडा कुठून घेतला ते लिहा: मानक, उत्पादकाचा तक्ता की प्रत्यक्ष मोजणी. ‘संपूर्ण प्रकल्पाला लागू नाही’ याला उत्तर म्हणून नकाशावर व्याप्ती रंगवून द्या. ‘विश्लेषणाचा डिझाइनवर परिणाम दिसत नाही’ आलं तर ओपीआरच्या दोन तारखांच्या प्रती शेजारी ठेवा आणि बदललेली ओळ अधोरेखित करा. उत्तरात नवं वर्णन लिहीत बसू नका, शेऱ्यात विचारलं तेवढंच दाखवा.

एपीचा गुण सोपा समजून शेवटी बघतात आणि तिथे घोटाळा होतो. ग्रीन असोसिएट, म्हणजे एपीच्या खालची पहिली पायरी, चालत नाही. विशेष शाखा नसलेला जुना एपीही चालत नाही. प्रकल्पाच्या प्रकाराशी जुळणारी शाखा हवी, नव्या बांधकामाला ‘बीडी अधिक सी’ (इमारतीचं डिझाइन आणि बांधकाम), आणि प्रमाणपत्राची मुदत चालू हवी. ती व्यक्ती टीममध्ये खरोखर काम करणारी असावी लागते. पहिल्या बैठकीच्या हजेरीत तिचं नाव असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.